उमेदवाराची मासळीवाली आई

मतदानाला चार दिवस उरले असताना देशाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार क्वाक तोंग-मिन मासान बंदराच्या मासळीबाजारात आले, आणि त्यांची भाषणं लिहिणाऱ्या हे-जुंगला नाइलाजाने बरोबर यावं लागलं. तिला यायचं नव्हतं ते अशासाठी, की तिची आई याच बाजारात तीस वर्षं बांगडे विकत होती. लेक सोलमध्ये पक्षाच्या कचेरीत कसलंसं लिखाणकाम करते, एवढंच आईला ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात टीव्हीवरच्या भाषणात क्वाकसाहेबांनी एक आठवण सांगितली होती. शाळेचा क्रीडादिन. आई मासळीच्या दुकानातून तशीच गमबूट घालून डबा घेऊन आलेली. पोरं नाक दाबून हसतात, आणि छोटा तोंग-मिन धावत जाऊन सगळ्यांदेखत आईला मिठी मारतो. सगळा देश हळहळला, साहेब मतचाचण्यांत वर चढले. खरं तर साहेबांच्या आईने भावाच्या मासळीच्या दुकानात जेमतेम सहा महिने मदत केली होती. तेवढ्या धाग्यावर बाकीचं सगळं हे-जुंगने विणलं होतं.

विणलं म्हणजे काय, तर स्वतःचंच उसवून विणलं. क्रीडादिन तिचा, गमबूट तिच्या आईचे. फक्त मिठी नव्हती. मैत्रिणींनी विचारल्यावर बारा वर्षांची हे-जुंग म्हणाली होती, "आमच्याकडे मासळी टाकते ती बाई." आईने ते ऐकलं, डबा बाकावर ठेवला आणि निघून गेली. पंचवीस वर्षांत त्यावर मायलेकींत अवाक्षर निघालं नव्हतं. कागदावर शेवट बदलल्यावर हे-जुंगला चक्क हलकं वाटलं होतं. त्या हलकेपणाची तिला आता लाज वाटत होती.

साहेब हे-जुंगच्या आईच्या दुकानापाशी थांबले. आईने हात तीन-तीनदा धुऊन ठेवले होते. साहेबांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरले. हात पुसायचे ते गाडीत बसल्यावरच, असा प्रचाराचा दंडक होता. आईच्या डोळ्यांना धार लागली.

"चारचौघांत आईला जवळ घेणारा माणूस खोटं बोलायचा नाही," ती कॅमेऱ्यांसमोर म्हणाली. "मी दुकानांच्या अख्ख्या रांगेला सांगितलंय, मत यांनाच."

"ही म्हातारी कुठून पैदा केलीत?" प्रचारप्रमुख पिओ हे-जुंगच्या कानाशी लागले. "पढवूनसुद्धा असं कोणी बोलत नाही."

ताफा पुढे सरकला, पण हे-जुंग मागे थांबली.

"आई."

"जेवलीस का?" आई डोळे पुसत बांगडे मांडू लागली. मग खाली बघूनच म्हणाली, "त्या दिवसाचं मी मनाला लावून नाही घेतलं हं. लहान होतीस. मला वाटायचं, त्या वयात सगळीच पोरं तसं करतात. आता कळलं, सगळी नाही करत."

हे-जुंग घाईने म्हणाली, "अगं, साहेबांनीही नाही मारली मिठी. ते सगळं मी लिहिलंय. आपलीच गोष्ट आहे ती."

तिला वाटलं, आईला बरं वाटेल. आईचा हात थांबला.

"म्हणजे काय करायला हवं होतं, ते तुला ठाऊक होतं."

आईचे अर्धवट राहिलेले बांगडे हे-जुंग मांडू लागली.

"आणि मी सगळ्यांना शब्द देऊन बसले," आई पुटपुटली. तिने कमरेचा रबरी अ‍ॅप्रन सोडला. "चल, सगळ्या रांगेला खरं काय ते सांगून येऊ. तूही ये बरोबर."

"आई," हे-जुंगच्या तोंडून निघून गेलं, "मतदानाला चारच दिवस राहिलेत गं."

आईने अ‍ॅप्रन पुन्हा बांधला.

"जा. तुझी माणसं खोळंबली असतील."

शेजारच्या दुकानातून शिंपलेवालीने मान काढली. "कसे वाटले गं साहेब, हे-जुंगच्या आई?"

"भला माणूस आहे," लेकीकडे न बघता आई म्हणाली.