कोरं सारवण

जितेशचं लग्न झालं ते २०२३ साल. त्याच्या पुढल्या शिमग्याआधी, वाल झोडून घरात येत होते तेव्हा, त्याच्या बापानं, पोपटनं, अंथरूण धरलं. छातीत कफ साचला होता. कर्जतच्या दवाखान्यातून घरी सोडलं, पण डॉक्टर म्हणाले, जपा, अजून भरवसा नाही. तेव्हापासून पोपटच्या बायकोचा, बायजाचा, पाय एका जागी ठरत नव्हता. चुलीपाशी बसली की कान खोलीत, खोलीत गेली की जीव अंगणात. खोकला आला तरी धस्स, नाही आला तरी धस्स.

अशात सून सुरभीनं फोटोचं काढलं. मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या बायका वर्षाचे कडवे वाल एकदमच घेत. दिवस मावळायच्या आत त्यांच्या ग्रुपवर चांगला फोटो गेला, तर यंदाचे वाल घरबसल्या खपणार होते. सुरभीनं मागं चादर लावून पाहिली, तर चुण्या दिसल्या. गुळगुळीत कागद लावला, तो चमकला. मग तिनं युक्ती काढली. गोणपाट उसवून वरची कड भिंतीला ठोकायची आणि खालचं अंग तसंच वळवून टेबलावर सोडायचं, म्हणजे भिंत कुठं संपली ते दिसत नाही. वरून पातळ सारवायचं, म्हणजे वाल अंगणात मांडल्यासारखे वाटतील.

बायजाला हाताला काम हवंच होतं. तिनं शेण, तांबडी माती आणि थोडी पेज कालवली आणि गोणपाटावर हात फिरवला. दुपारपर्यंत ते सुकलं. वळणावर तडा गेला, तो तिनं ओल्या बोटानं बुजवला.

सुरभी वाल घेऊन येते, तो सारवणावर रांगोळीचे ठिपके. ती हसली, म्हणाली, आई, फोटोत फक्त वाल हवेत. तिनं फडक्यानं ठिपके झटकले. सूप आणायला वळली, तेवढ्यात पुन्हा एक रेघ. तीही पुसली. बायजानं तिसऱ्यांदा चिमूट भरली तेव्हा मात्र सुरभीचा आवाज चढला. ऊन खिडकीतून सरकत चाललं होतं आणि सासूबाईंचा खेळ संपत नव्हता.

खोलीतून पोपट खोकत खोकत म्हणाला, "माज्यासाटीच सारवलंस काय गं? मी अजून निगालो नाय."

बायजाच्या हातातली रांगोळी सांडली.

"सारवलेलं कोरं कदी ठेवतात, ठावं हाय तुला?" ती सुनेला हळूच म्हणाली. "घरातनं मानूस उचलल्यावर. यरवी रेग वडल्याबिगर सोडत नाय."

सुरभीचं तोंड उतरलं. तिनं फोन ठेवला आणि खिळा उपटायला गेली. बायजानं तिचा हात धरला. वर्षाचे वाल होते, ते काही सोडून द्यायचे नव्हते. ती टेबलाच्या कडेला टेकली आणि सारवणाच्या कोपऱ्यावर तिनं आपला पंजा दाबून धरला.

"आता कोरं नाय. काड तू फोटू."

सुरभीनं वाल मांडले, दाणे सारखे केले, फोन तिरका धरला. सावली जड पडली म्हणून पांढरा रुमाल बाजूला धरला. पुन्हा दाणे हलवले. खोलीत खोकला सुरू झाला. बायजाचं अंग ताठलं, पण हात उचलता येईना. उचलला की सारवण कोरं. खोकला वाढला आणि मध्येच तुटला. मग काहीच नाही.

"झालं का गं?"

"एकच, आई."

"झालं का?"

"झालं."

बायजानं हाताला लागेल तेवढी रांगोळी घेऊन वेडीवाकडी रेघ ओढली आणि खोलीकडे धावली. पोपट भिंतीला टेकून पाणी पीत होता. तिच्याकडे बघून म्हणाला, "काय गं, वाग पाटी लागला काय?" ती खाली बसली आणि त्याच्या पायावरचं पांघरूण उगाच नीट करत राहिली.

फोटो वेळेत गेला, वालही गेले. पोपट त्या दुखण्यातून उठला. पुढल्या साली, २०२५च्या भाद्रपदात, दुपारी जेवून पडला असताना पोपट वारला.