पट्ट्याच्या जागी हार

दिवाळीचा पाडवा. बब्रुवाननं सकाळीच शेरडं धुतली, रंगवली नि दावणीला बांधली. आज त्यांना सुट्टी. पण खंड्याला कोण समजावणार? दुपारी रोजच्या फेरीची वेळ झाली तसं कुत्र्यानं केकाटून वस्ती डोक्यावर घेतली. शेवटी बब्रुवान काठी-घोंगडं घेऊन उठला. मागनं गजराबाईही निघाली, नवऱ्याला एकटं सोडते होय!

फेरी ठरलेली. तलावाचा काठ, मग झाडी, मग उघडा माळ, की पुन्हा वस्ती. झाडीत शिरेपर्यंत दिवस कलला होता. तिथं गजराबाई एकदम थबकली.

"अवो, खंड्याचा पट्टा कुठंय?"

बब्रुवाननं वळून पाहिलं. खंड्याच्या गळ्यात झेंडूचा हार! पाडव्याला कुत्र्यालाही आंघोळ नि हळदकुंकू, म्हणून त्यानंच खिळ्यांचा पट्टा काढून खुंटीला अडकवला होता. बिबट्या कुत्र्याची नरडी धरतो, त्यासाठीच तर तो पट्टा. मागच्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं त्यानं याच झाडीतनं उचललं होतं. आणि ह्यानं खंड्याला बोकडासारखं सजवून आणलं!

"माघारी चला," गजराबाई म्हणाली.

"मागं तेवढंच, पुढं तेवढंच. माळ गाठू. बिगीबिगी."

खंड्याला मधे घेऊन दोघं निघाली. पक्ष्यांची किलबिल अचानक थांबली. खंड्या गुरगुरला, अंगावरचे केस उभे. बब्रुवाननं खांद्यावरचं घोंगडं ओढलं नि हारासकट त्याच्या मानेभोवती गच्च गुंडाळलं.

गाठ मारली न मारली तोच घाणेरीच्या जाळीतनं पिवळा लोळ आला. खंड्या उलटापालटा झाला. बिबट्यानं मान धरून ओढायला सुरुवात केली.

"सोड, मुडद्या! सोड माझं लेकरू!" गजराबाई हात उगारत पुढंच धावली. बब्रुवाननं काठीनं बिबट्याच्या पाठीत दोन रट्टे हाणले. घोंगडं सोडून बिबट्या जाळीत गडप झाला.

माळावर आल्यावरच बब्रुवाननं घोंगडं सोडलं. त्याला दातांची भोकं पडली होती, नेमकी नरडीवर. खाली चुरगळलेला झेंडू, आणि खंड्याची मान शाबूत. बब्रुवान मटकन खाली बसला नि कुत्र्याला कवटाळून हमसून रडला.

घरी पोचताच गजराबाईनं खुंटीवरचा पट्टा काढून खंड्याला घातला. मग देव्हाऱ्यातला उरलेला हार आणून त्यावर चढवला.

"असा घालायचा," ती म्हणाली. "आलं का ध्यानात?"

"आलं," बब्रुवान म्हणाला.