पाठीवरची नदी

मी एक जुना ब्रश आहे, सहा नंबरचा. मित्रांनो, एके काळी माझे केस इतके मऊ होते की तोताराम नानांनी मला गालावर फिरवून पाहिले आणि लगेच विकत घेतले. धुळ्यातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या आम्ही दोघांनी रंगवल्या. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या संपल्या. उरली ती पोळ्याला बैलांची शिंगे.

गेल्या मे महिन्यात नानांची नात ज्योत्स्ना शिरपूरच्या कॉलेजातून आली. तिला एक वेगळाच लघुपट करायचा होता. माणसाच्या पाठीवर नदी रंगवायची आणि श्वासाबरोबर ती हलताना दाखवायची. चेहरा नाही, शब्द नाहीत. पाठ द्यायला कोणी तयार होईना. शेवटी तिची आजी, पुष्पाबाई, भिंतीकडे तोंड करून बसल्या.

नाना हलक्या हाताने नदी रंगवू लागले. पन्नास वर्षांच्या संसारात ही पाठ त्यांनी इतका वेळ कधी पाहिलीच नव्हती. मीही जपून चाललो. म्हातारपणी असा मान मिळाला, म्हणून मी फार खूश होतो.

पण घामाने निळा रंग ओघळू लागला. ज्योत्स्ना रडवेली झाली. "नाना, सगळं पुसलं जातंय!"

नानांनी शिंगांना लावायचे वार्निश उघडले. "आते रंग टिकी जाई," ते म्हणाले.

पहिल्याच हाताला पाठ शहारली.

"जळस का वं?"

"काही नही जळत. पोरगीनं काम व्हऊ द्या."

शिंगाला काही लागत नाही, पण कातडीला लागते. मला ते कळत होते. ब्रशाला तोंड कुठे असते?

जळगावला लघुपट दाखवला, तेव्हा लोक म्हणाले, "नदी किती खरी थरथरते!" खूप टाळ्या पडल्या. पुष्पाबाई तेव्हा घरी पालथ्या पडून होत्या. रॉकेलने वार्निश पुसताना सालटी निघाली होती आणि जखमा चिघळल्या होत्या.

नानांनी मला धुतले नाही. पुन्हा हातातही घेतले नाही. परवा पुष्पाबाईंनीच मला तेलात भिजत घातले, पण माझे केस सुटेनात.

मित्रांनो, काम झाले की ब्रश धुऊन ठेवा. आणि माणसाच्या अंगावर रंग लावाल, तेव्हा "जळतंय का?" एवढे विचारून थांबू नका. "नाही" म्हटले तरी पुढे येऊन त्याचा चेहरा बघा. त्या दिवशी पुष्पाबाईंचा चेहरा भिंतीकडे होता. तो कोणीच पाहिला नाही.