फटींतल्या चिंध्या

मी एक जुनी नाव आहे, मित्रांनो. पूर्णा नदीच्या काठी पालथी पडलेली असते आणि गावच्या शेळ्या माझ्या पाठीवर चढून उन्हाला बसतात. माझी तक्रार नाही. तेवढा तरी उपयोग होतो.

मेळघाटच्या सागवानातून मला घडवले. शालिकराम भोई माझा धनी. दर जेठात तो माझ्या फळ्यांच्या फटींत तेल-राळेत भिजवलेला कापूस ठासून भरायचा. मग सारा पावसाळा मी माणसे, बैल, धान्याची पोती पलीकडे नेई. "अशी नाव अकोल्यापावतर नाई," असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

पुढे सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई लागली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोक उशा उसवून कापूस विकू लागले. शालिकरामने माझ्या वाटचाही विकला.

"अवो, नावेच्या पोटात चिंध्या काहून भरता?" त्याच्या बायकोने, तानुबाईने, विचारले.

"एक वर्स चालते. पोरगी बाळंतपनाले येऊन राहिली. घरात काई पायजे का नाई?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे नावेला भाडे नसे. नावाडी आपापली माणसे घेऊन नदीवर हिंडत, नावेला नाव बांधून जेवत. त्या करीला माझ्याशेजारी मुनव्वर नावाड्याची लहानशी नाव दोराने बांधलेली होती. तीत तो आणि त्याची बायको कुलसुमबी. माझ्यात शालिकराम, तानुबाई आणि आठव्या महिन्यातली त्यांची जमुना. इकडून पुरणपोळ्या गेल्या, तिकडून शेवया आल्या. जमुना पोट धरून हसत होती. मला मात्र भीती वाटत होती. पाणी गार होत चालले होते, चिंध्यांचा लगदा झाला होता आणि काठावरचे बगळे केव्हाच उडून गेले होते.

मुनव्वरने पाण्यात हात घातला. "शालिकभाऊ, पानी गढूळ होऊन राहिलं. डोंगरात पाऊस पडला वाटते. चला वापस."

"बस रे. पोरीले घडीभर हवा खाऊ दे."

ती घडी भोवली. वळणावरून लोंढा आला आणि माझी मधली फट उघडली. मुनव्वरने जमुनेला आणि तानुबाईला आपल्या नावेत ओढले. चौघांच्या भाराने तिच्या काठाला पाणी लागले, त्यात मी बुडता बुडता तिलाही दोरासकट ओढू लागले. शालिकरामने एकदा लेकीकडे पाहिले आणि गाठ सोडली.

"न्या पोरीले," एवढेच तो म्हणाला.

खालच्या बाभळींत मी अडकले. शालिकराम अडकला नाही.

पुढच्या महिन्यात जमुनेला मुलगी झाली. मित्रांनो, तिचा आजा वाईट नव्हता. माझ्यावर त्याचा जीव होता आणि माझाही त्याच्यावर. त्या जेठातच मला सारे कळले होते, पण सांगणार कशी? आम्हाला तोंड नाही. तेव्हा पाण्यात लोटण्याआधी आमच्या फटींवरून एकदा हात फिरवत जा.