कुठलं भिंग?

"डॉक्टर, सगळ्यांत भारी लेन्स टाका. आईच्या बाबतीत तडजोड नाही!"

अंबरनाथच्या डोळ्यांच्या दवाखान्यात खुर्चीत बसता बसताच हरेशने जाहीर केले. आनंदनगरच्या कारखान्यातल्या मित्राने त्याला सांगितले होते, चष्म्याशिवाय जवळचे-लांबचे सगळे दिसणारीच लेन्स घे. मग आईला विचारायचे काय उरले?

डॉक्टर राजसी यांनी मात्र विचारले, "आजी दिवसभर काय करतात?"

"काही नाही, घरीच असते," उत्तर हरेशनेच दिले. आपण सगळेच असे म्हणतो, नाही का? जिच्या हातचे खाऊन वाढलो, ती 'काही करत नाही'!

डॉक्टर शेजारी बसलेल्या त्याच्या आईकडे, आवडीबाईंकडे वळल्या. म्हातारीला कळावे म्हणून सोपे करून म्हणाल्या, "आजी, मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंग बसवतात. तुम्हाला कुठलं भिंग हवं?"

"भिंग?" आवडीबाई दचकल्या. "नको गो बाय! त्यान लय काटं असतान!"

हरेशला हसू आवरेना. भिंग नावाचा काटेरी मासा आगरी घरात कोणाला ठाऊक नाही! डॉक्टरही हसल्या. आवडीबाईंचे डोळे मात्र भरून आले.

"मना काटं दिसत नाय. गेले वर्सी रिद्धीला मीच भरवत व्हते, न पोरीचे गल्यान काटा अरकला. तवापासना मी मासलीला हात लावला नाय."

रिद्धी हरेशची लेक. आईने मासे सोडले म्हणजे ती देवाधर्माला लागली, असे घरात सगळे धरून चालले होते. विचारले कोणीच नव्हते!

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "हरेशराव, भारी लेन्स प्रत्येकाला सोयीची असतेच असं नाही. त्या लेन्सने कमी उजेडात थोडं फिकं दिसू शकतं. आजींना नीट दिसायला हवं ते ताटात, विळीवर. जवळचं स्वच्छ दिसेल अशी साधी लेन्स बसवू, लांबचं बघायला चष्मा. चालेल, आजी?"

"चालंल! लांबचा चष्म्यान बगीन."

'साधी' हा शब्द हरेशला टोचला. पण आईचा खुललेला चेहरा पाहून तो म्हणाला, "तिला हवी तीच बसवा, डॉक्टर."

ऑपरेशननंतर दीड महिन्याने एका रविवारी हरेशने स्वतः भिंग आणले. आवडीबाईंनी एकेक बारीक काटा निवडून घास पुढे केला. रिद्धीने क्षणभर आजीकडे पाहिले आणि तोंड उघडले.

"अजून दे ना, आजी!"

मंडळी, आईवडिलांसाठी भारीतले भारी आणावेसे वाटते, ते प्रेमच आहे. पण डोळे त्यांचे आहेत. त्या डोळ्यांनी त्यांना काय बघायचे आहे, एवढे आधी त्यांनाच विचारा!