चाकाखालचा दगड

“कुलूप खोला, काकासाब. बंद टाकीला काय फुंकर मारून बघू?”

मोहियोद्दीन मिस्त्रीनं पाना मांडीवर पुसला. गाडीच्या मालकानं, काकासाहेबांनी, खिशातून किल्ली काढून डिझेलच्या टाकीचं कुलूप स्वतःच उघडलं. ही पिकअप एकोणीस वर्षं चालवणारा सांडू शेजारीच उभा होता. पण किल्ली त्याच्या हाती पडली नाही.

जाधववाडीच्या मंडईतून शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या कँटीनना भाजी पोचवायची, एवढंच त्या गाडीचं काम. लिटरला तेरा किलोमीटर देणारी गाडी दिवाळीनंतर दहावर आली. काकासाहेबांनी निकाल लावून टाकला: ड्रायव्हर चोर. “मालक, गाडी जड ओढतीय,” असं सांडू महिनाभर कानीकपाळी ओरडत होता. पण बंगलेवाल्याचे कान नोकराच्या तोंडापर्यंत कुठले वाकायला! टाकीला कुलूप लागलं. उद्यापासून नवा ड्रायव्हर यायचा होता. सांडूनं एकच मागितलं, “आधी मिस्त्रीला दाखवा. मंग चोर म्हना.”

सकाळी भाकरी बांधून देताना बायकोनंही, मनकर्णाबाईनं, हळूच विचारलं होतं, “खरं सांगा, इकलं नाय ना डिझेल?” ते त्याला कुलपापेक्षा जास्त लागलं होतं.

मिस्त्रीनं टाकीखालून पाईपभर बोट फिरवलं. कोरडं. एअर फिल्टर झटकला. साफ. चारी चाकांची हवा बघितली.

“गळत नाय. धूर काळा नाय. हवा बराबर.”

“म्हंजे गाडी चांगलीय,” काकासाहेब म्हणाले. “मी काय येगळं म्हनत व्हतो?”

मिस्त्रीनं हात वर केला.

“ठहरो जरा. सांडू, नाक्यापस्तोर जाऊन ये. येताना उतारावर न्यूट्रल कर, आन् ब्रेकला पाय लावू नको.”

सांडू गेला आणि वळून आला. उतारावरून गाडी घरंगळत गॅरेजच्या दारात यायला हवी होती. ती अर्ध्या वाटेतच थांबली.

मिस्त्री पाण्याची बाटली घेऊन धावला. मागच्या डाव्या चाकावर त्यानं धार सोडली. चर्र!

“काकासाब, हात लगाके देखो.”

पोळेल, असं सांडूच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. काकासाहेबांनी हात लावला आणि बोट तोंडात घातलं.

“तुमचं डिझेल हितं जळतंय,” मिस्त्री म्हणाला. त्यानं गाडी जॅकवर घेऊन चाक उघडलं. हँडब्रेकची केबल गंजून आत अडकली होती. लिव्हर खाली केला तरी ब्रेक पुरता सुटत नव्हता. “कवापासून लावतो रे हँडब्रेक?”

“दिवाळीपासून. आधी चाकाखाली दगड लावायचो.”

“मंग दगडाला काय झालं?”

सांडूनं मालकाकडं बघितलं. बंगल्याच्या उतरत्या अंगणात दिवाळीला नवी फरशी बसली होती. दगडानं ओरखडे पडतात, हँडब्रेकच लावायचा, आणि फरशीवर चिखल नको म्हणून गाडी रोज खालून धुवायची, असा खुद्द काकासाहेबांचा हुकूम होता.

मिस्त्री खो खो हसला. “या अल्ला! म्हंजे फरशीनं पिलं की डिझेल!”

नवी केबल बसली. सांडूनं एका बोटानं चाक ढकललं. ते फिरलं, फिरतच राहिलं. ते थांबेपर्यंत तो बघत बसला.

“घे,” काकासाहेबांनी किल्ली पुढं केली. “ठेव तुझ्यापाशी.”

“किल्ली नको, मालक. कुलूप काढा.”

त्यांनी काढलं. चुकलो म्हणाले नाहीत. चोर मात्र चारचौघांत म्हणाले होते.

सांडूनं घरी फोन लावला. “मनकर्णा, ब्रेक धरत व्हता.” पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

संध्याकाळी गाडी बंगल्यात लागली. दिवाळीपासून सीटमागं जपून ठेवलेला काळा दगड सांडूनं बाहेर काढला आणि फरशीवरून खरकन ओढत मागच्या चाकाखाली आणला. पांढरा ओरखडा उठला. झोपाळ्यावर बसलेल्या काकासाहेबांचं भाजलेलं बोट पाण्याच्या वाटीत होतं.

“हळू रे,” एवढंच ते म्हणाले.

सांडूनं दगड पायानं अजून थोडा आत सारला.