विहीर कोणाकडे?

"बाई, तुम्ही कामं आडनावं बघून वाटलीत का?"

विचारलं एकदाचं! पूर्वा कांबळे हे विचारणारच नाही, अशी पैज स्वरालीनं मागच्या बाकावर लावली होती. गेल्या वर्षीच्या पूर्वानं खरंच विचारलं नसतं. हजेरी देतानाही तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही. पण वक्तृत्व स्पर्धेत एकदा टाळ्या मिळाल्या आणि तिची जीभ जी सुटली, ती सुटलीच.

शाळेचं 'पहिली वस्ती' शिबिर आलं होतं. नववीच्या मुलांनी तीन दिवस माळावर राहायचं, शंभर वर्षांपूर्वी नवं गाव वसवायला आलेल्या माणसांसारखं. चूल, कंदील, विहिरीचं पाणी, मोबाइल बंद! शिवाय प्रत्येकाच्या घरच्यांपैकी एकानं तरी सोबत यायचं आणि वस्तीतलं एखादं काम सांभाळायचं. कामांची यादी नीरजाबाईंनी फळ्याशेजारी चिकटवली होती. जोशी : पंचांग. कुंभार : मडकी. कांबळे : दवंडी आणि वेस राखणे. समर्थ कुंभारचे वडील बँकेत मॅनेजर. त्यांनी कसली मडकी घडवायची?

आदल्या संध्याकाळी, खडकीच्या क्वार्टरमध्ये, पूर्वानं यादीचा फोटो घरी दाखवला होता. पप्पा कारखान्यात फिटर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला आणि फोन परत दिला.

"मला रजा नाही मिळायची, बेटा."

रजा ढीगभर शिल्लक होत्या, हे तिघांनाही ठाऊक होतं. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि ही कामं टाकली. आता शाळेच्या फोटोसाठी आम्ही परत उचलायची होय?"

म्हणजे शिबिर गेलंच.

आता वर्गात सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाई गोंधळल्या. "अगं, त्या काळी जसं असायचं, तसंच मी..."

"त्या काळी आम्हाला विहिरीवर चढू देत नव्हते, बाई. तेही करायचं का?"

"अगं ए, पैज एवढ्याची नव्हती!" स्वराली मागून कुजबुजली.

बाई फळ्याशेजारच्या यादीपाशी गेल्या. मग त्यांनी ती उपटूनच काढली.

"चुकलं माझं. म्हणत होते नवी वस्ती, आणि उभं करत होते जुनंच गाव. कामं कशी वाटायची मग?"

"ज्याला जे येतं ते. नाहीतर ज्याला जे शिकायचंय ते."

बाईंनी कोरा कागद लावला. "आणि जुनं काही लपवायचं नाही हं. पहिल्या दिवशी त्यावर बोलायचं. तुझी आई बोलेल का, विचार."

पहिली धावली स्वराली. तिनं लिहिलं, 'दवंडी : श्री. जोशी.'

"बाबांना विचारलंस का?" बाई म्हणाल्या.

"गरज नाही. ते घरात चहा मागतात, तो अख्ख्या नारायण पेठेला ऐकू जातो."

वर्ग खो खो हसला. "विहिरीचा रहाट मात्र अडकतोय," बाई म्हणाल्या, "कोणीतरी जाणकार हवा." पूर्वानं खडू ठेवायच्या खाचेतला पेन उचलला.

संध्याकाळी पप्पा दारात बुटांच्या नाड्या सोडत होते, तेवढ्यात ती दप्तरासकट समोर उभी राहिली. सगळं एका दमात सांगून टाकलं, पैजेसकट. आईनं गॅस बारीक केला. पप्पांच्या हातातली नाडी तशीच राहिली.

"रहाट अडकतो म्हणजे कसा? आस झिजलाय की काय?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच बघायचं. पप्पा, उद्या रजा टाका. आई, पहिली घागर तू काढायचीस, आणि तुझ्या आजोबांचं तूच सांगायचंस. विहीर मी आपल्या नावावर लिहून आलेय. आपण तिघंही जातोय!"